बेळगाव भागातल्या छोट्या वर्कशॉपला सरकारी ऑर्डर मिळते काय? माहीतगारांनी सांगा

उद्यमबाग लेथ

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप हाय, बाबांनी सुरू केलेलं. दोन लेथ, एक मिलिंग आणि कर्ज काढून घेतलेला एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन). आजपर्यंत सगळं जॉबवर्कच, म्हणजे मोठ्या कंपनीकडनं कास्टिंग येतंय, आम्ही मशीनिंग करून देतोय, पीसमागं ठरलेला रेट. रेट वाढवा म्हटलं की काम दुसऱ्या शेडमध्ये जातंय. म्हणून सरकारी खरेदीत काही जमतंय काय बघूलालोय. एका एजंटानं उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), जेम (केंद्राचं ऑनलाइन खरेदी पोर्टल), डिजिटल सही सगळं मिळून मोठी रक्कम सांगितल्या आणि वर ऑर्डर पण आणून देतो म्हणतोय. आपल्या भागातनं कुणी जेमवर माल दिलाय काय? कर्नाटकचं पोर्टल वेगळं हाय म्हणे. टेंडरच्या कागदातलं बरंच कन्नडमध्ये असतंय, बाबांना वाचता येत नाही, मला येतंय खरं कायद्याची कन्नड समजत नाही. नवीन माणसानं सुरुवात कुठनं करायची?

कॅम्प सप्लायर

भावा, पहिलं त्या एजंटाला नको म्हणून सांग. उद्यम नोंदणी फुकट हाय, आधार आणि पॅन लागतंय, बाकी काही अपलोड करावं लागत नाही. फक्त साईटचा पत्ता गव्ह डॉट इन वर संपतोय काय एवढं बघायचं, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी साईट भरपूर हाईत आणि त्या पैसे घेतात. जेमवर विक्रेता म्हणून नोंदणी पण स्वतःला करता येते. डिजिटल सहीला तेवढे पैसे पडतात, ती क्लास ३ ची घे. आणि ऑर्डर आणून देतो म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय नाहीतर जे आणणार ते तुला नको असलेलं काहीतरी आणणार.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं सरकारी काम म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर गटार, रस्ता, शाळेची खोली एवढंच येतंय. ते राज्याचं काम, त्याची वाट वेगळी. तुझ्यासारख्या मशीन शॉपनं आधी केंद्राचे खरेदीदार बघायचे, आणि ते आपल्या आसपास किती हाईत ते मोजून तरी बघ. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टोन्मेंट बोर्ड. सांबऱ्याला एअरफोर्स. हुबळीला साउथ वेस्टर्न रेल्वेचं मुख्यालय आणि वर्कशॉप. खाली कारवारला नेव्हीचा तळ, कैग्याला अणुवीज केंद्र, वास्कोला गोवा शिपयार्ड. वर बेंगळुरात एचएएल, बीईएल, बीईएमएल या केंद्राच्या कंपन्या. यातल्या कितीतरी जणांना शाफ्ट, बुश, फ्लँज, ब्रॅकेट, पंपाचे पार्ट लागतात आणि उद्यमबाग, मच्छे, होनग्यात दिवसरात्र तेच बनतंय. आपला माल तिथं जात नाही असं नाही, जातोय, खरं मधल्या दुसऱ्याच्या नावावर जातोय. मला याचं फार वाईट वाटतंय म्हणून एवढं लिहूलालोय.

पहिले पंधरा-वीस दिवस काही भरू नको, फक्त वाच. जेमवर चालू बिड (म्हणजे टेंडर) बघायला लॉगिन लागत नाही, कागद उघडतोय. बेळगाव आणि बेळगावी दोन्ही नावांनी शोध, हुबळी, कारवार, वास्को शोध. झालेल्या बिडचे निकाल पण बघ, कोण किती रुपयाला गेला ते दिसतंय. आपल्याला तो भाव परवडला असता काय हे घरबसल्या कळतंय.

टिळकवाडी सीए

वरचं सगळं बरोबर आहे, त्यात कायद्याची बाजू घालतो, कारण नेमकी तीच लोकांना माहीत नसते.

केंद्र सरकारचं सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचं सार्वजनिक खरेदी धोरण २०१२ पासून लागू आहे. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची. आधी हे २० टक्के होतं, २०१८ मध्ये २५ केलं. त्यातले ४ टक्के एससी-एसटी मालकीच्या उद्योगांसाठी आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. शिवाय ३५८ वस्तू अशा आहेत की त्या फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. टेंडरचा कागद फुकट, ईएमडी (टेंडर भरताना ठेवायची अनामत) माफ.

भावातली सवलत नीट समजून घ्या. समजा सगळ्यात कमी भाव एका मोठ्या कंपनीनं १०० रुपये भरला आणि तुम्ही ११३ भरला. तुम्ही १५ टक्क्यांच्या आत आहात, तर खरेदीदारानं तुम्हाला विचारायचं की १०० ला देता का. तुम्ही हो म्हटलं तर ऑर्डरचा २५ टक्क्यांपर्यंत वाटा तुम्हाला मिळतो, आणि ऑर्डरचे तुकडे पडणार नसतील तर सगळी ऑर्डर मिळू शकते. भाव शेवटी १०० च राहतो, म्हणजे ही सूट नफ्याची नाही, आत शिरण्याची आहे.

पण हे सगळं माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ट्रेडरला नाही, बांधकामाच्या ठेक्यालाही नाही. बऱ्याच जणांच्या उद्यम सर्टिफिकेटवर घाईत ट्रेडिंगचा कोड पडलेला असतो आणि मग जेमवर सवलत लागत नाही म्हणून तक्रार. २०२१ पासून दुकानदारांनाही उद्यम मिळतं, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. तुमचं मशीनिंग उत्पादनात बसतं, तो एनआयसी कोड (धंद्याच्या प्रकाराचा सरकारी नंबर) नीट निवडा. मर्यादेची काळजी नको, १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्याच अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल अशी आहे. उद्यमबागेतल्या बहुतेक शेड त्यात आरामात बसतात.

उद्यमबाग लेथ

सर आणि दादा, लई आभार. हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट सांगितलं. एक शंका. मी दोन-तीन बिड उघडून बघितल्या, त्यात तीन वर्षांचा अनुभव आणि अमुक एवढी उलाढाल मागत्यात. आमची सगळी बिलं जॉबवर्कची, सरकारी अनुभव शून्य. मग सुरुवातच कशी होणार?

कॅम्प सप्लायर

बिडच्या कागदात पहिल्या-दुसऱ्या पानावरच एक ओळ असत्या, एमएसईला (सूक्ष्म-लघु उद्योगाला) अनुभव आणि उलाढालीत सूट हाय की नाही. तिथं हो असेल तर तू भरू शकतोस, मालाचा दर्जा आणि स्पेसिफिकेशन मात्र पाळायलाच लागणार. नाही असेल तर ती बिड सोड आणि पुढची बघ, त्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, सूट देणं न देणं खरेदीदाराच्या हातात असतंय. मग खाली खरेदीदारानं स्वतः घातलेल्या जादा अटी असतात, त्या शेवटपर्यंत वाच. बरीच माणसं तिथंच बाद होतात. एखादा टेस्ट रिपोर्ट, एखादं हमीपत्र ठरलेल्या नमुन्यात मागितलेलं असतंय आणि आपण आपल्या लेटरहेडवर दुसरंच काहीतरी जोडतोय.

तुझ्या कामाला जेमवरच्या कॅटलॉगचा (तयार मालाच्या यादीचा) तसा उपयोग कमी. खुर्ची, पंखा, बादली विकणाऱ्याला कॅटलॉग ठीक. ड्रॉइंगप्रमाणे बनणारे पार्ट बहुतेक कस्टम बिड (खरेदीदाराच्या मागणीप्रमाणं काढलेली) नाहीतर बीओक्यू बिड (वस्तू आणि नगांची यादी जोडलेली) यातनं येतात, त्या शोधायची सवय लाव. रेल्वेचं मोठं काम त्यांच्या स्वतःच्या आयआरईपीएस पोर्टलवर चालतंय. तिथं सुरक्षेशी संबंधित पार्टला आधी व्हेंडर म्हणून मंजुरी लागत्या, त्यात वेळ जातोय, म्हणून पहिल्यांदा साध्या वस्तूंपासून सुरू कर.

आणि रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे भाव कमी कमी करत जायचा ऑनलाइन लिलाव. हे मी पोटतिडकीनं सांगतोय. ऑक्शन सुरू व्हायच्या आधी मटेरियल, मशीन तास, टूल, पॅकिंग, कारवारपर्यंतचं भाडं, बँक गॅरंटीचा खर्च, सगळं धरून खालचा आकडा कागदावर लिहायचा आणि तो बाबांच्या हातात द्यायचा. त्याच्या खाली एक रुपया जायचं नाही. समोरचा कमी करतोय म्हणून आपण कमी करत गेलो की ऑर्डर मिळत्या आणि शेड विकायची पाळी येत्या. ऑर्डर घेऊन माल दिला नाही तर नाव खराब होतंय ते वेगळंच, जेमवर त्याची नोंद राहते.

टिळकवाडी सीए

बँक गॅरंटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ईएमडी माफ आहे, परफॉर्मन्स सिक्युरिटी (ऑर्डर नीट पुरी करण्याची अनामत) माफ नाही. जिंकल्यावर बिडमध्ये लिहिलेली टक्केवारी भरावीच लागते, आणि ते पैसे वॉरंटी संपेपर्यंत अडकतात. छोट्या शेडला खेळत्या भांडवलाचा सगळ्यात मोठा मार तिथं बसतो. बिड भरायच्या आधी आपल्या बँक मॅनेजरशी बोलून ठेवा. जेमचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन चार्ज मात्र आता १० लाखांपर्यंतच्या ऑर्डरला नाही.

जुना ठेकेदार

केंद्राचं झालं, आता राज्याचं सांगतो, कारण खानापूर, बेळगाव तालुक्यातली पोरं शेवटी तिकडंच वळतात.

कर्नाटकात सगळी खरेदी १९९९ च्या केटीपीपी कायद्याखाली चालते आणि टेंडर केपीपीपी पोर्टलवर निघतात. पीडब्ल्यूडी, पंचायत राज, पाटबंधारे, हेस्कॉम (वीज कंपनी), महापालिका, व्हीटीयू (तांत्रिक विद्यापीठ), सगळे तिथंच. सिव्हिल कामाला ठेकेदाराचं लायसन्स वर्गाप्रमाणं लागतं, नवीन माणसाला खालच्या वर्गातनं चढत जावं लागतं. वर सीएंनी सांगितलेली केंद्राची सवलत इथं आपोआप लागू होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. इथं वेगळं आरक्षण आहे. २०२३ पासून १ कोटीपर्यंतच्या कामांत एससी ठेकेदारांना १७.१५ टक्के आणि एसटींना ६.९५ टक्के. आपल्यातल्या ज्यांना हे लागू आहे त्यांनी जातीचा दाखला आणि लायसन्स वेळेत नवं करून ठेवावं. दाखल्याची मुदत बघितली नाही म्हणून हातचं काम गेलेलं मी पाहिलंय.

छोट्या माणसाचं नुकसान कशात होतं? पॅकेजमध्ये. पाच गावांची पाच कामं एकत्र करून एकच मोठं टेंडर काढलं की खालच्या वर्गाचा ठेकेदार आपोआप बाहेर. मग तोच मोठ्या ठेकेदाराचा पोटठेकेदार होतो, कागदावर त्याचं नाव कुठंच नाही, आणि बिल अडकलं की त्याला विचारायला पण कुणी नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय खडीचा एक ट्रक टाकू नका. साहेब म्हणाले, पुढारी म्हणाले, जत्रा जवळ आली, रस्ता तेवढा करून टाका, ऑर्डर मागनं येईल. असं म्हणणारे सगळे नंतर बदलून जातात. हिंडलग्यातल्या रस्त्यांची कामं वर्क ऑर्डर नसताना केली आणि बिलं अडकली, म्हणून एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या एका ठेकेदाराचा जीव गेला. राज्यभर गाजलं, मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, पुढं चौकशीत काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय. मला राजकारण बोलायचं नाही. तरणा माणूस गेला, घर उघडं पडलं. दर वेळी नवीन पोरगा काम सुरू करतो म्हटलं की मला ते आठवतं.

निपाणीकर

काकांशी पूर्ण सहमत. माझंही एका खात्याकडचं बिल कितीतरी महिने लटकलं होतं, फाईल या टेबलावरनं त्या टेबलावर.

बिलातली कपात पण नवीन माणसानं आधी धरायला पाहिजे. करार अडीच लाखाच्या वर असला की जीएसटीचा टीडीएस २ टक्के, इन्कम टॅक्सचा टीडीएस प्रोप्रायटरला १ टक्का, फर्म किंवा कंपनीला २ टक्के, बांधकाम असेल तर कामगार सेस १ टक्का, खडी-वाळूची रॉयल्टी, वर सिक्युरिटी डिपॉझिट. टीडीएस परत आपल्या खात्यात धरता येतो खरं तोपर्यंत हातात येणारी रक्कम कमीच असते.

माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही निपाणीचे, पाच-दहा मिनिटांत कागल हद्द. गडहिंग्लज, कोल्हापूर, शिरोळ सगळं आमचं रोजचं. महाराष्ट्रातली टेंडर आम्हाला भरता येतात काय?

टिळकवाडी सीए

भरता येतात. महाटेंडर्सवर (महाराष्ट्र सरकारच्या टेंडर पोर्टलवर) वेगळी नोंदणी करा, डिजिटल सही तीच चालते. माल राज्याबाहेर जाणार म्हणून बिल आयजीएसटीनं. महाराष्ट्राच्या स्वतःच्या सवलतींना मात्र कर्नाटकातलं युनिट पात्र आहे का ते प्रत्येक टेंडरमध्ये तपासा, गृहीत धरू नका. कोल्हापुरातलं केंद्राचं ऑफिस असेल तर प्रश्नच नाही, उद्यम देशभर एकच.

पैसे अडकण्याबद्दल लिहितोच, कारण हे हत्यार आपल्याकडं पडून आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात, लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. मालाबद्दल तक्रार असेल तर ती खरेदीदारानं १५ दिवसांच्या आत लेखी करायची, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. पैसे दिले नाहीत तर केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर अर्ज, तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडं (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं) जातो. आणि सीमाभागातल्यांनी हे खास लक्षात ठेवा, खरेदीदार भारतात कुठंही असला तरी विक्रेता जिथं आहे तिथलं कौन्सिल चालतं. म्हणजे पैसे कोल्हापूर, पुणे, गोवा कुठंही अडकले तरी तुमचं प्रकरण कर्नाटकातच. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला कोर्टात आव्हान द्यायचं असेल तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

अट एकच, उद्यम आधी आणि ऑर्डर नंतर. नंतर नोंदणी करून जुन्या बिलावर हक्क सांगता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय. बांधकामाच्या ठेक्याला हा कायदा लागतो का यावर कोर्टांत वाद आहे, त्यामुळं जुन्या ठेकेदार काकांच्या कामाला हे हत्यार तेवढं धारदार नाही. मशीन शॉपला आहे.

वडगाव माग

आमच्या वडगाव-शहापूरच्या विणकरांसाठी यात काही आहे काय? सुरतेच्या मालापुढं साड्यांचा धंदा बसत चाललाय.

टिळकवाडी सीए

केंद्राच्या खात्यांना लागणाऱ्या कापडातलं किमान २० टक्के हातमागाचं घ्यायचा नियम आहे. वडगावात बहुतेक पॉवरलूम, त्यांना तो लागू होत नाही. पॉवरलूमवाल्यांनी साध्या सूक्ष्म उद्योगाच्या सवलतीवरच जायचं. साडी सरकार घेणार नाही, बेडशीट, टॉवेल, पडद्याचं कापड घेईल, म्हणजे माग त्या मालासाठी बसवावा लागेल. ज्यांच्या घरी अजून खड्डामाग (जमिनीत बसवलेला हातमाग) आहे त्यांनी तो मोडीत काढायच्या आधी एकदा विचार करावा.

अनगोळचा मावळा

सगळं ठीक आहे पण मूळ दुखण्यावर कुणी बोलेना. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यायचे हे केंद्रानं आणि राज्यांनी मिळून कधीचंच मान्य केलंय. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी माणूस किती आहे सांगायला नको. टेंडरची नोटीस मराठीत का नाही? वाचताच आलं नाही तर आमचा माणूस भरणार कसा?

जुना ठेकेदार

बरोबर बोललास, आणि ती मागणी सोडायची नाही, लेखी देत राहायची. त्याबरोबर हेही सांगतो की केपीपीपीवर इंग्रजी निवडता येते, आणि टेक्निकल भाग, बीओक्यू बहुतेक इंग्रजीतच असतो. कन्नड अडते ती जोडलेल्या परिपत्रकात आणि ऑफिसात बोलताना. आमच्या वेळी आम्ही तीन-चार ठेकेदार मिळून एक कन्नड शिकलेला पोरगा ठेवला होता, सगळ्यांचे कागद तोच वाचायचा. यळ्ळूरचा, मराठी घरातलाच. आता तर प्रत्येक गल्लीत कन्नड माध्यमात शिकलेली आपली पोरं आहेत, त्यांना हे काम द्या. त्यांचाही धंदा होईल.

खानापूर वहिनी

मी पहिल्यांदाच लिहितेय. आमचं खानापूरला शिलाईचं छोटं युनिट आहे, आठ-दहा बायका. शाळेचे गणवेश, ॲप्रन शिवतो. वर महिलांसाठी ३ टक्के वाचलं. माझ्या मिस्टरांच्या नावावर उद्यम आहे, काम सगळं मी बघते. मला ते लागू होईल का?

टिळकवाडी सीए

ताई, तसं लागू होत नाही. प्रोप्रायटर स्वतः बाई पाहिजे, भागीदारी असेल तर किमान ५१ टक्के वाटा महिलेचा. काम खरंच तुम्हीच बघता तर तुमच्या नावानं वेगळी फर्म काढा, तुमचं पॅन, तुमचं बँक खातं, तुमचा जीएसटी. नुसतं सवलतीसाठी बायकोचं नाव लावणारे पुष्कळ आहेत, त्यांना सही कुणाची, निर्णय कुणाचा विचारलं की अडकतात. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही. जेमवर महिला उद्योग आणि बचत गटांसाठी वुमनिया म्हणून वेगळी सोय आहे, तिथंही तुमचं युनिट दिसेल.

कॅम्प सप्लायर

वहिनी, हॉस्पिटल बेडशीट, उशीचे अभ्रे, ॲप्रन यांच्या बिड अधूनमधून निघतात. त्यात कापडाचं जीएसएम (चौरस मीटरमागं वजन), धाग्याचा काउंट, रंगाचा पक्केपणा असं सगळं लिहिलेलं असतंय आणि लॅबचा रिपोर्ट मागतात. शिलाई कितीही चांगली असू दे, कापड स्पेसिफिकेशनला बसलं नाही तर माल परत येतोय. तर आधी कापड देणाऱ्याकडनं त्या लॉटचा टेस्ट रिपोर्ट लिहून घ्या. वडगाव माग दादांनी बेडशीटचं कापड काढलं तर दोघांचं जमतंय की.

माल पोचवल्यावर पण काम संपत नाही. जेमवर तिकडच्या माणसानं माल मिळाला आणि पसंत पडला याचं सर्टिफिकेट काढायला लागतंय, नियमाप्रमाणं १० दिवसांत, आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे. तो क्लार्क बदलीवर किंवा रजेवर असला की तिथंच अडतंय. म्हणून माल देताना चलनावर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणायची नाही.

वडगाव माग

वहिनी, बेडशीटच्या रुंदीचा एक माग रिकामाच आहे. कुठलं जीएसएम पाहिजे सांगा, चार मीटर विणून देतो, लॅबला आपण दोघं मिळून पाठवू.

उद्यमबाग लेथ

मंडळी, आज उद्यमचं सर्टिफिकेट काढून बघितलं, कोड मेटल मशीनिंगचाच हाय, ट्रेडिंग नाही. बाबांना खालच्या आकड्याचा कागद त्यांच्याकडं राहणार म्हटल्यावर ते पण तयार झाले. कारवारची एक बीओक्यू बिड उघडून ठेवलोय, एसएस चे बुश हाईत, एमएसई सूट हो लिहिलंय. मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलंय, ते माल बनवणाऱ्या स्टील मिलचं चालतंय काय का बाहेरच्या लॅबचंच पाहिजे?

कॅम्प सप्लायर

जादा अटींत एनएबीएल लॅब (मान्यताप्राप्त तपासणी लॅब) असं लिहिलं असेल तर लॅबचंच. नुसतं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट लिहिलं असेल तर मिलचं चालायला पाहिजे, खरं हीट नंबर (वितळवलेल्या लॉटचा नंबर) बिलावर आणि सर्टिफिकेटवर एकच पाहिजे. शंका असली तर बिडवरच खरेदीदाराला लेखी प्रश्न टाकायची सोय असत्या, मुदत संपायच्या आधी टाक. कागद मला पाठव, रात्री बघतो.